यंत्राच्या काचेमागचा बिंगो

अलाबामा राज्याची राजधानी मोंटगोमेरी. या शहराच्या कडेला, टॅलापूसा नदीजवळ, ‘विंड क्रीक मोंटगोमेरी’ नावाचं इलेक्ट्रॉनिक बिंगोचं मोठं केंद्र आहे. तिथून इंटरस्टेट ८५ धरून पूर्वेला निघालं की साधारण अर्ध्या तासात मेकन काउंटीतलं शॉर्टर गाव लागतं. ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींसाठी उभारलेलं ‘व्हिक्टरीलँड’ तिथलं. पुढे तिथेही इलेक्ट्रॉनिक बिंगोची यंत्रं आली. पहिल्यांदा जाणाऱ्याला दोन्हीकडे जवळपास एकच दृश्य दिसलं असतं. रांगेनं मांडलेली उंच यंत्रं, पडद्यावर गरगरणारी चित्रं, आणि त्याच पडद्याच्या एका कोपऱ्यात छोटंसं बिंगोचं कार्ड. मात्र १९ फेब्रुवारी २०१३ रोजी राज्याच्या तपास यंत्रणेनं व्हिक्टरीलँडवर छापा घातला आणि १,६१५ यंत्रं जप्त केली. विंड क्रीकमधल्या यंत्रांना कोणी हात लावू शकलं नाही. ती आजही चालू आहेत.

यातला फरक डोळ्यांना दिसत नाही, तो जमिनीत आहे. विंड क्रीक पोर्च क्रीक या मूळनिवासी जमातीच्या जमिनीवर आहे आणि तिला संघराज्याचा कायदा लागू होतो. व्हिक्टरीलँड अलाबामाच्या जमिनीवर आहे आणि त्याला राज्याचं संविधान लागू होतं. म्हणून अमेरिकेत ‘जवळपास चांगला इलेक्ट्रॉनिक बिंगो हॉल कुठे आहे?’ असं कोणी विचारलं, तर घरापासूनचं अंतर, पार्किंग आणि खाण्याची सोय या गोष्टी मी मागे ठेवतो. हॉल कोणाच्या परवानगीनं चालतो आणि त्या यंत्रात खरोखर बिंगो चालतो का, हे आधी कळायला हवं. हे प्रश्न वकिलांचे वाटतील. पण ज्यांची उत्तरं ग्राहकाच्या खिशाशी थेट जोडलेली आहेत असे दुसरे प्रश्न मला तरी दिसत नाहीत.

आपल्याकडे हा खेळ घराघरांत माहीत आहे, तो हाऊसी किंवा तांबोला म्हणून. सोसायटीच्या गच्चीवर, सहलीच्या बसमध्ये, महिला मंडळात, आणि ह्यूस्टनपासून न्यू जर्सीपर्यंतच्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांतही तो रंगतो. जल्दी फाइव्ह, टॉप लाइन, चार कोपरे, फुल हाऊस. चुकीचा दावा केला की बोगी, तिकीट बाद. हा ब्रिटिश घराण्यातला खेळ आहे. एक ते नव्वद आकडे, तीन ओळी, नऊ रकाने आणि तिकिटावर पंधरा आकडे. ब्रिटिश फौजेच्या आणि क्लबांच्या वाटेनं तो भारतात रुजला.

अमेरिकी बिंगोचं कार्ड वेगळं असतं. पाच बाय पाचचा चौकोन, वर बी, आय, एन, जी, ओ ही पाच अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराखाली पंधरा आकड्यांचा पट्टा: बी खाली १ ते १५, आय खाली १६ ते ३०, असं करत ओ खाली ६१ ते ७५. मधलं घर फुकट. म्हणजे भरायची घरं चोवीस आणि आकडे पंचाहत्तर. या नियमानं किती वेगवेगळी कार्डं बनू शकतात? ५५ च्या पुढे २५ शून्यं लिहा, साधारण तेवढी. तरीही सुरुवातीच्या काळात कार्डं कमी पडायची, कारण छापलेले प्रकार थोडे होते. खेळण्यांचे विक्रेते एडविन लो यांनी १९२९ च्या सुमारास जॉर्जियातल्या एका जत्रेत हा खेळ पाहिला आणि न्यूयॉर्कला नेऊन त्याची पेटी बाजारात आणली. लवकरच चर्चची मंडळी निधी जमवण्यासाठी तो वापरू लागली. मोठ्या जमावात एकाच वेळी अनेक जण जिंकू लागले, बक्षिसाची वाटणी होऊ लागली, निधी उरेना. मग लो यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या कार्ल लेफ्लर या गणितज्ञाकडून सहा हजार वेगळी कार्डं तयार करून घेतली, असा इतिहास सांगितला जातो. या कथेतलं चर्च लक्षात ठेवायला हवं. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत बिंगोला कायद्यानं दार उघडलं ते देणगीच्या नावानं, आणि आजही पुष्कळ भांडणं ‘देणगी नक्की कोणाला?’ याच प्रश्नावर येऊन थांबतात.

आता ‘इलेक्ट्रॉनिक’ या शब्दाकडे येऊ. एकाच पाटीखाली दोन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात आणि नवख्या माणसाची गफलत इथेच होते.

पहिली वस्तू म्हणजे हातात धरायचं किंवा टेबलावर ठेवायचं छोटं उपकरण. समोर माणूस बसलेला असतो, काचेच्या पेटीत हवेच्या झोतावर चेंडू उडत असतात, आणि एकेक चेंडू बाहेर आला की तो माणूस आकडा पुकारतो. त्याला तिथे कॉलर म्हणतात. कागदी कार्डवाले शाईच्या जाड डॉबरनं ठिपका मारतात. उपकरणवाल्यांची कार्डं उपकरणाच्या आत असतात आणि ठिपके तेच मारतं. कार्ड पूर्ण व्हायला एक आकडा उरला की पडदा रंग बदलतो आणि जिंकलं की आवाज करतो. खेळ तोच, चेंडू तेच, कॉलर तोच. नजर अधू झालेल्यांना, बोटं दुखणाऱ्यांना ही सोय मोठा आधार आहे, आणि मला ती मनापासून आवडते.

पण तिच्यात एक हिशेब दडलेला आहे, तो मांडूनच पाहू. समजा, हॉलमध्ये शंभर माणसं आहेत आणि प्रत्येकाकडे सहा कागदी कार्डं. एकूण सहाशे. प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता शंभरात एक. आता यातल्या चाळीस जणांनी उपकरण घेतलं आणि प्रत्येकानं छत्तीस कार्डं भरली. त्यांची झाली १,४४०, उरलेल्या साठ जणांची ३६०, एकूण १,८००. उपकरणवाल्याची शक्यता पन्नासात एक झाली. कागदवाल्याची तीनशेत एक. बिचाऱ्यानं काहीच बदललं नाही, तेवढेच पैसे भरले, त्याच खुर्चीत बसला, आणि त्याची संधी तिसऱ्या हिश्शावर आली. आता सगळ्यांनीच छत्तीस छत्तीस कार्डं घेतली तर? पुन्हा प्रत्येकाची शक्यता शंभरात एक. प्रत्येकाचा खर्च मात्र वाढलेला. कार्डामागचा दर कमी लावला तरी सहापट कार्डांची किंमत सहा कार्डांपेक्षा जास्तच होते.

म्हणून अशा हॉलमध्ये खिडकीवर पहिला प्रश्न विचारायचा तो एका उपकरणावर जास्तीत जास्त किती कार्डं घेता येतात हा. मर्यादा कमी असेल तर कागदवाल्यालाही तिथे जागा आहे. मर्यादा नसेल किंवा फार मोठी असेल, तर खेळ जास्त पैसे टाकणाऱ्याच्या बाजूला कलतो. जो हॉल हे आकडे भिंतीवर लिहून ठेवतो, त्याच्याबद्दल माझं मत लगेच चांगलं होतं.

दुसरी वस्तू म्हणजे ते उंच यंत्र. तिथे कॉलर नाही, चेंडूंची पेटी नाही, बटण दाबलं की काही सेकंदांत निकाल. त्याला बिंगो का म्हणायचं? हे समजायला फ्लोरिडापासून सुरुवात करावी लागते.

डिसेंबर १९७९ मध्ये सेमिनोल जमातीनं फ्लोरिडातल्या हॉलिवूड गावाजवळच्या आपल्या राखीव जमिनीवर मोठ्या बक्षिसांचा बिंगो हॉल उघडला. फ्लोरिडाच्या कायद्यात बिंगो आठवड्यातून दोन दिवस आणि जॅकपॉट शंभर डॉलरपर्यंत अशी बंधनं होती. जमातीनं ती पाळली नाहीत. ब्रॉवर्ड काउंटीचे शेरीफ रॉबर्ट बटरवर्थ यांनी अटकेचा इशारा दिला. जमात न्यायालयात गेली आणि १९८१ मध्ये संघीय अपील न्यायालयात जिंकली. न्यायालयाचं म्हणणं असं की फ्लोरिडानं बिंगोवर बंदी घातलेली नाही, फक्त नियम घातले आहेत, आणि राज्याचे असे नियम राखीव जमिनीवर चालत नाहीत.

हाच धागा कॅलिफोर्नियात पुढे गेला. रिव्हरसाइड काउंटीतली कबाझोन ही जेमतेम पंचवीस सदस्यांची जमात आणि तिच्याबरोबर मोरोंगो जमात. राज्याचा नियम असा की बिंगो देणगीसाठीच असावा, चालवणाऱ्यांनी मोबदला घेऊ नये आणि बक्षीस २५० डॉलरच्या वर जाऊ नये. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २५ फेब्रुवारी १९८७ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल जमातींच्या बाजूनं लागला. राज्यांमध्ये अस्वस्थता पसरली. पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १९८८ रोजी, जमातींच्या जुगाराचं नियमन करणारा संघीय कायदा आला. त्यानं खेळांचे तीन वर्ग केले. पारंपरिक, छोट्या बक्षिसांचे खेळ पहिल्या वर्गात. बिंगो दुसऱ्या वर्गात, त्यावर देखरेख जमातीची आणि राष्ट्रीय इंडियन गेमिंग आयोगाची. स्लॉट मशीन आणि कॅसिनोतले बाकी बहुतेक खेळ तिसऱ्या वर्गात, आणि त्यासाठी राज्याशी करार हवाच.

या कायद्याच्या दुसऱ्या वर्गाच्या व्याख्येत एक छोटा कंस आहे. इलेक्ट्रॉनिक, संगणकीय किंवा अन्य तांत्रिक साधनांची मदत घेतली असो वा नसो, तो बिंगोच, अशा अर्थाचा. आज अमेरिकेत दिसणारी इलेक्ट्रॉनिक बिंगोची उंच यंत्रं या कंसावर उभी आहेत. एखादं राज्य करार करायला तयार नसेल तर जमातीला स्लॉट मशीन ठेवता येत नाही, पण बिंगो ठेवता येतो, आणि त्या बिंगोला तंत्राची मदत घेता येते. मग स्लॉटसारखा भासणारा, पण आतून बिंगो असलेला खेळ बनवायला कितीसा वेळ लागणार! सरकारी वकिलांनी ‘मेगामेनिया’ नावाच्या अशा खेळाला बेकायदा जुगारयंत्र ठरवण्याचा प्रयत्न केला. २००० साली दोन वेगवेगळ्या संघीय अपील न्यायालयांनी तो बिंगोच आहे असा निर्णय दिला.

आत काय घडतं ते पाहू. तुम्ही यंत्रासमोर बसता तेव्हा तुम्हाला एक कार्ड मिळतं, ते पडद्यावर कुठेतरी दिसत असतं. बटण दाबलं की तुमचं यंत्र जाळ्यातून एका खेळात सामील होतं. त्याच क्षणी दुसऱ्या कोणीतरी, याच हॉलमध्ये किंवा जोडलेल्या दुसऱ्या हॉलमध्ये, बटण दाबलेलं असावं लागतं, कारण एकट्यानं बिंगो होत नाही. दुसरा खेळाडू मिळेपर्यंत यंत्र थांबून राहतं. मग सर्व्हर आकडे काढतो. ज्याच्या कार्डावर ठरलेली आकृती सर्वात आधी पूर्ण होते तो खेळ जिंकतो. इतर आकृत्यांसाठी छोटी बक्षिसं असतात. अनेक यंत्रांवर आकडे झाकण्यासाठी बटण पुन्हा दाबावं लागतं आणि वेळेत दाबलं नाही तर जिंकलेलं बक्षीसही हातून जाऊ शकतं. गच्चीवरच्या हाऊसीत आकडा ऐकून खूण करायला विसरल्यासारखंच हे.

आणि ती गरगर फिरणारी चेरी, घंटा, सातचे आकडे? ती नुसती सजावट. निकाल बिंगोच्या कार्डावर आधी लागलेला असतो आणि चाकं तो निकाल रंगवून दाखवतात. हे मी अंदाजानं सांगत नाही. आयोगाच्या तांत्रिक नियमांनुसार दुसऱ्या वर्गाच्या यंत्रावर तशी सूचना असावीच लागते. खरी बक्षिसं बिंगोच्या खेळानं ठरतात, बाकी दृश्यं मनोरंजनापुरती आहेत, असा तिचा आशय. जमातीच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की मी वाचकाला सुचवेन ती पहिली कृती हीच. एका यंत्राजवळ जा, खेळू नका, ती सूचना शोधा आणि पडद्यावरचं बिंगो कार्ड शोधा. दोन्ही सापडली तर तुम्ही दुसऱ्या वर्गाच्या यंत्रापुढे आहात. ओक्लाहोमात एकाच छताखाली दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची यंत्रं शेजारी शेजारी असतात, तिथे तर ही सवय फार उपयोगाची.

आता परत अलाबामात. राज्याच्या संविधानात लॉटरीला बंदी आहे. काही काउंट्यांनी स्थानिक दुरुस्त्या करून देणगीसाठीच्या बिंगोला परवानगी मिळवली. पण त्या दुरुस्त्यांतल्या ‘बिंगो’ शब्दात ही यंत्रं बसतात का? २००९ च्या नोव्हेंबरात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं लाउन्ड्स काउंटीतल्या व्हाइट हॉल गावच्या खटल्यात सहा लक्षणं सांगितली. प्रत्येक खेळाडूकडे आकड्यांच्या चौकटीची कार्डं असावीत. आकडे एकेक करून काढले आणि पुकारले जावेत. खेळाडूनं ते लक्ष देऊन ऐकावेत आणि आपल्या हातानं खूण करावी. दुर्लक्ष झालं तर तो हरू शकला पाहिजे. आपण जिंकलो हे त्यानं स्वतः ओळखून इतरांच्या आधी जाहीर करावं. आणि हे सगळं सर्वांनी मिळून खेळायचं असावं, प्रत्येकानं एकेकट्या यंत्राशी नव्हे.

ही यादी मला विलक्षण वाटते. न्यायाधीशांनी कायद्याचा पेच सोडवताना नकळत या खेळाचा गाभा लिहून ठेवला. लक्ष देणं, चुकण्याची शक्यता, ओरडून सांगण्याचा क्षण, आणि शेजारी बसलेली माणसं. कोणत्याही देशातल्या कोणत्याही हॉलला हे सहा निकष लावून पाहावेत. यंत्र जितकं पुढारलेलं तितके त्यातले निकष गळत जातात, आणि आपण खरेदी नक्की कशाची करतोय हे त्यावरून कळतं.

या निकषांवर राज्यातली यंत्रं टिकली नाहीत. व्हिक्टरीलँडची लढाई वर्षानुवर्षं चालली. खालच्या न्यायालयात ते जिंकले, २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले, पुन्हा सुरू झाले, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं मेकन आणि लाउन्ड्स काउंट्यांतली ही यंत्रं बेकायदा असल्याचा निर्णय दिला. पोर्च क्रीक जमातीला संघराज्याची मान्यता १९८४ मध्ये मिळालेली असल्यामुळे तिची अॅटमोर, वेटम्प्का आणि मोंटगोमेरीची केंद्रं या सगळ्यापासून सुरक्षित राहिली. राज्यानं तिथेही खटला भरून पाहिला, पण २०१५ मध्ये संघीय अपील न्यायालयात त्याची डाळ शिजली नाही.

यात भरडली गेली ती माणसं. मेकन, लाउन्ड्स आणि ग्रीन या गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या काउंट्या. हॉल बंद पडला की तिथल्या नोकऱ्या जात आणि छोट्या गावांची आवक आटत असे. त्या लोकांची बाजू मला समजते. पण त्याच भागातलं दुसरं प्रकरणही सांगायला हवं. ग्रीन काउंटीतल्या यूटॉ गावच्या ‘ग्रीनट्रॅक’ या कंपनीनं आपला बिंगो देणगीसाठी आहे असं म्हणत कर भरला नव्हता. २००४ ते २००८ या वर्षांचा कर आणि व्याज मिळून ७ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम तिनं भरावी, असा निर्णय जून २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं दिला. दारावर ‘देणगीसाठी’ लिहिलेलं असणं आणि पैसा देणगीत जाणं या दोन गोष्टी आहेत. देणगीच्या हॉलमध्ये गेलात तर संस्थेचं नाव विचारा, ती काय काम करते ते विचारा. खऱ्या हॉलमधले स्वयंसेवक हे सांगायला उत्सुक असतात. शाळेचा बँड, अग्निशमन दल, माजी सैनिकांची संघटना, ज्याच्यासाठी पैसे जमतात त्याचं नाव त्यांच्या ओठांवर असतं. उत्तर टाळलं गेलं तर तिथून निघावं.

इतर राज्यांचं थोडक्यात. कॅलिफोर्नियानं २००८ मध्ये कायदा करून देणगीच्या हॉलमधली उंच यंत्रं बाद केली आणि हातात धरायच्या उपकरणांना मुभा ठेवली. तिथे एका खेळाचं बक्षीस ५०० डॉलरपर्यंत आणि खेळाडू किमान अठरा वर्षांचा. टेक्सासमध्ये देणगीचा बिंगो राज्याच्या परवान्यावर चालतो. त्याशिवाय एल पासो शहरातल्या तिग्वा जमातीचं ‘स्पीकिंग रॉक’ आहे, ज्याच्या इलेक्ट्रॉनिक बिंगोवर राज्यानं अनेक वर्षं आक्षेप घेतला. १५ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी जमातीला कौल दिला. कारण पुन्हा फ्लोरिडाचंच होतं: टेक्सासनं बिंगोवर बंदी घातलेली नाही, नियम घातले आहेत. तिग्वा जमातीला लागू असलेल्याच कायद्याखाली येणाऱ्या अलाबामा-कौशाटा जमातीचं ‘नस्किला’ हे केंद्र ह्यूस्टनच्या उत्तरेला लिव्हिंग्स्टनजवळ आहे. ह्यूस्टनच्या मराठी मंडळींना इलेक्ट्रॉनिक बिंगो पाहायचाच असेल तर अधिकृत ठिकाण जवळ आहे. रस्त्याकडेच्या काळ्या काचांच्या ‘गेम रूम’मध्ये शिरण्याचं काहीच कारण नाही. तिथली यंत्रं कोणाच्या देखरेखीखाली नसतात आणि जिंकलेला पैसा अडवला तर दाद मागायला जागा नसते. राज्याचा परवाना असेल तर तो हॉलमध्ये लावलेला असतो. जमातीच्या केंद्रात जमातीच्या गेमिंग आयोगाचं कार्यालय असतं आणि तिथे तक्रार करता येते.

परवाना खरा निघाला, आता हॉलच्या आत. जॅकपॉटच्या फलकावर मोठी रक्कम असते आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत अट. ही अट रकमेपेक्षा महत्त्वाची. ‘ब्लॅकआउट’ म्हणजे पूर्ण कार्ड भरायचं, पण पहिल्या पन्नास आकड्यांत, अशी अट असेल तर एका कार्डाला ते जमण्याची शक्यता सुमारे २ लाख १२ हजारांत एक. पंचावन्न आकड्यांत जमवायचं असेल तर सुमारे १० हजार ४०० मध्ये एक. फक्त पाच आकडे जास्त दिले आणि शक्यता वीसपट झाली. म्हणून ‘पन्नासात दहा हजार डॉलर’ आणि ‘पंचावन्नात एक हजार डॉलर’ असे दोन फलक दोन हॉलमध्ये असतील, तर दुसरा हॉल अधिक उदार आहे. जिथे जॅकपॉट जिंकला जाईपर्यंत दर सत्राला आकड्यांची मर्यादा एकेकानं वाढवतात, तिथे चौकशी करून उशिराच्या सत्राला जावं.

कागदी सत्रात दारावर एकदा पैसे भरले की बहुतेक खर्च ठरून जातो. संध्याकाळभर खेळा, गप्पा मारा. यंत्राचा खर्च वेगावर असतो. समजा, एका खेळाला अर्धा डॉलर आणि मिनिटाला दहा खेळ. तासाला सहाशे खेळ, तीनशे डॉलरची उलाढाल. समजा, यंत्र सरासरीनं नव्वद टक्के परत देतं. तरी तासाला तीस डॉलर गेले, आणि ही झाली सरासरी, तुमची संध्याकाळ तिच्यापेक्षा कितीतरी वाईट असू शकते. निवृत्त माणसं दुपारी वेळ घालवायला या यंत्रांपुढे बसतात, आणि हा गुणाकार त्यांना कोणीतरी आधी करून दाखवायला हवा असं मला फार वाटतं. नव्या माणसाला मी कॉलर, चेंडूंची पेटी आणि कागदी कार्डं असलेलाच हॉल सांगेन. तिथे दावा झाला की कार्डाचा क्रमांक मोठ्यानं वाचतात आणि ते कार्ड सगळ्यांना दिसेल अशा पडद्यावर तपासतात. पराभवही समोरासमोर होतो. हात आवरत नसेल तर स्वतःला प्रवेश नाकारण्याची नोंद करून घेण्याची सोय अनेक केंद्रांत असते. ती मागण्यात कमीपणा नाही आणि चांगल्या हॉलचे कर्मचारी ती शांतपणे करून देतात.

शेवटी, मुलांकडे टूरिस्ट व्हिसावर आलेल्या आई-बाबांसाठी. बिंगोचं ठरावीक रकमेवरचं बक्षीस हॉलला कर खात्याला कळवावं लागतं. ही मर्यादा कित्येक दशकं १,२०० डॉलर होती. अमेरिकेत करासाठी ‘रहिवासी’ नसलेल्या माणसाच्या बिंगोच्या बक्षिसातून तीस टक्के कर तिथल्या तिथे कापला जातो. काही देशांच्या रहिवाशांना करारानं यातून सूट आहे, पण त्या यादीत भारत नाही. जिंकल्यावर ओळख पटवावी लागते, म्हणून पासपोर्ट जवळ असावा. कर कापल्याचा कागद मागून घ्यावा आणि भारतात विवरणपत्र भरताना आपल्या सीएला दाखवावा. जॅकपॉट आईच्या कार्डावर लागला असेल तर मुलानं किंवा सुनेनं तो आपल्या नावावर घेऊ नये. करपत्रावर ज्याचं कार्ड त्याचंच नाव लागतं.